लवू पेंटरने काढलेला बुध्या

मांडवीपासून मिरकरवाड्यापर्यंत चालत गेलं तर वाटेत जेवढी म्हणून अक्षरं दिसत, त्यातली निम्मी लवू पेंटरची. किराणा दुकानांच्या पाट्या त्याच्या, सलूनच्या आरशावरचं 'कृपया राजकारण बोलू नये' त्याचं, लाँचींच्या नाळेवरची, म्हणजे पुढच्या टोकावरची, नावंही त्याचीच. पण अक्षर काढणं म्हणजे चित्र काढणं नव्हे, हे शल्य त्याच्या मनात कायमचं होतं. शाळेत ड्रॉइंगच्या परीक्षेत त्याला पहिली श्रेणी मिळाली होती, आणि मास्तर म्हणाले होते की मुंबईला जा, तुझा हात वाया घालवू नकोस. मग बाप अंथरुणाला खिळला, मुंबई राहिली, आणि लवू शिडीवर चढला तो चढलाच. चाळिशी उलटली तरी कुणी नवा माणूस भेटला की दहा मिनिटांत बोलणं त्या परीक्षेवर यायचं. त्याची बायको आनंदीबाई म्हणायची, "मेडल मिळालं नाय तेच बरं झालं. नायतर गळ्यात घालून मासळीबाजारात गेले असते."

एरवी तो बोलायचा कमी. मित्र म्हणावा असा एकच, धाकू तांडेल. दोघं एका आळीत वाढले, एका बाकावर चौथीपर्यंत शिकले. पुढे धाकू समुद्रावर गेला आणि गंगारामशेटच्या लाँचीवर तांडेल झाला. तांडेल म्हणजे काय, तर लाँच शेटची असली तरी बंदर सुटल्यावर सगळा कारभार त्याचा. कुठे जायचं, जाळं कुठे टाकायचं, वारा फिरला की कधी परतायचं, हे तो ठरवणार आणि खलाशी ऐकणार. त्याचा शब्द कुणी मानेनासं झालं तर तो कसला तांडेल?

धाकूची एक खासियत होती. जागा बरी वाटली की तो इंजिन बंद करायला लावी, एकटा नाळेशी जाई, वल्हं पाण्यात उभं सोडी आणि वरच्या टोकाला कान लावून बसे. घोळ आणि ढोमा हे मासे खाली जमले की घुमतात आणि तो आवाज लाकडातून वर येतो. जुन्या लोकांना हे सगळ्यांनाच यायचं, पण इंजिनं आल्यापासून कान लावायचा धीर कुणाला राहिला नव्हता. धाकूला होता. दहादा कान लावला तर सातदा तरी मासळी मिळे, आणि उरलेल्या तीनदा तो खलाशांच्या शिव्या हसत ऐकून घेई.

लहानपणी धाकूच्या बापाच्या होडीत लवू त्याच्या समोर बसायचा. तेव्हा त्याने पाहिलं होतं की कान लावला की धाकूचे डोळे मिटतात, कपाळावरची आठी जाते आणि तोंड आपोआप उघडं पडतं. देवळात कीर्तन ऐकता ऐकता भान हरपावं, तसं काहीतरी दिसायचं ते. लाँचीवर तो खलाशांकडे पाठ करून बसे, त्यामुळे तिथे कुणाला त्याचं तोंड दिसत नसे. लवूला मात्र तो चेहरा पाठ होता.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात, लाँची किनाऱ्यावर ओढलेल्या आणि माणसं जाळी विणत बसलेली असताना, मुंबईहून सिंधुनाद इलेक्ट्रॉनिक्स नावाच्या कंपनीचे साहेब आले. बरोबर एक पेटी होती. ती लाँचीवर बसवायची, पाण्यात आवाज सोडायचा, तो तळावर आणि माशांवर आपटून परत आला की आतली सुई कागदाच्या गुंडाळीवर काळ्या रेघा ओढते. रेघा दाट झाल्या की खाली मासे. साहेबांनी शाळेच्या वर्गात लाँचवाल्यांना जमवून हे समजावलं. बोलले छान, पण पेटीबरोबरचं पुस्तक इंग्रजी, अंगठ्याएवढं जाड, आणि समोरच्यांपैकी निम्म्यांना मराठीसुद्धा धड वाचता येत नव्हतं.

साहेबांना हे ठाऊक होतं. त्यांनी पिशवीतून एक चोपडी काढली. चित्रांची गोष्ट, चौकटीत चौकटी, माणसांच्या तोंडाजवळ फुगे आणि फुग्यांत बोलणी. साहेब म्हणाले की जाहिरात कुणी वाचत नाही, गोष्ट सगळे वाचतात, कंपनीने पंजाबात पंप असेच खपवले. कल्पना उत्तम होती. पण चोपडी काढली होती मुंबईतल्या कुणा चित्रकाराने, आणि त्याने आयुष्यात मासेमार पाहिला नसावा. तांडेलाच्या डोक्यावर पटका, अंगात बाराबंदी, होडीच्या मध्यावर झोपडी. हा काय घाटावरून ऊस घेऊन आलाय की काय, असं कुणीतरी म्हणालं आणि वर्गभर असा हशा पिकला की पेटीकडे कुणी बघेना.

फक्त धाकू पुढे जाऊन पेटीशी उकिडवा बसला. सुई कागदावर कशी फिरते ते त्याने पुन्हा पुन्हा बघितलं, चार प्रश्न विचारले आणि उठताना म्हणाला, "बरी हाय पेटी. माणसाचा कान म्हातारा होतो, हिचा होणार नाय." हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे, कारण पुढे सगळ्यांचा समज असा झाला की धाकू पेटीच्या विरुद्ध होता.

साहेबांनी विचारलं, इथे चित्रं कोण काढतं? लोकांनी लवूचं नाव सांगितलं. झालं, लवू हवेत. कुणीतरी त्याच्याकडे माणसं काढून मागतंय, आणि ती छापून दाभोळपासून वेंगुर्ल्यापर्यंत जाणार. ड्रॉइंगच्या परीक्षेची हकीकत साहेबांनी पहिल्याच दिवशी पूर्ण ऐकली.

काम सोपं नव्हतं. पाटीची सवय असलेला माणूस, त्याने पहिल्या पानावर फुग्यात अशी झोकदार, सावली दिलेली अक्षरं काढली की फुगा फुटून चौकटीबाहेर आला आणि बोलणाऱ्या माणसाला जागा राहिली नाही. मग साहेबांनी शिकवलं: एका चौकटीत एकच गोष्ट, फुग्यात पाच-सहा शब्द, कोण आधी बोलतो त्याचा फुगा वर. लवू शिकला. पेटी कुठे बसवायची, तार कुठून न्यायची, कागदाची गुंडाळी कशी घालायची, हे त्याने शेवटच्या चार पानांवर असं काढलं की साहेब म्हणाले, आमच्या इंजिनिअरलाही आता हे नीट कळेल. ही चार पानं खरोखर उत्तम होती. पुढे कित्येक खलाशी ती बघूनच पेटी चालवायला शिकले.

घोडं अडलं ते गोष्टीत. गोष्ट दोन तांडेलांची, 'चतुर चंद्या आणि बावळा बुध्या'. चंद्या पेटी घेतो आणि जाळं भरून आणतो, बुध्या जुन्या खुळात अडकून रिकामा परततो. चंद्याचं तोंड कॅलेंडरवरच्या देवासारखं गोरंगोमटं काढून भागलं. बुध्या काही जमेना. तीन दिवस लवूने बुध्ये काढले आणि साहेबांनी बाजूला सारले. हा मेल्यासारखा दिसतो, हा चोर वाटतो, हा तर कुणीच वाटत नाही. माणूस जिवंत दिसला पाहिजे, पेंटर, ओळखीचा वाटला पाहिजे.

चौथ्या दिवशी साहेब समोर बसलेले असताना लवूच्या पेन्सिलीतून वल्हं उतरलं, वल्ह्याला लावलेला कान उतरला, आणि मग डोळे मिटलेला, तोंड उघडं पडलेला धाकू उतरला. ठरवून काढलं नव्हतं, असं लवू पुढे स्वतःला बजावत राहिला, आणि पेन्सिल कागदाला टेकली त्या घटकेपुरतं ते खरंही होतं. पण साहेब हसले. असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "वा, पेंटर. हाच तो." शाळा सुटल्यापासून लवूचं चित्र बघून कुणाचं भान हरपलं नव्हतं. तिथेच त्याने हात आवरायला हवा होता. त्याऐवजी त्याने नाक थोडं लांबवलं, उघड्या तोंडातून लाळेचा धागा सोडला आणि कानाच्या पाळीला एक चिंबोरी लटकवली. साहेबांनी फुग्यात शब्द घातले: 'श्शू! खाली मासे घोरतायत!'

साहेबांनी विचारलंही, की कुणाला राग तर नाही ना येणार? लवू म्हणाला, "छे हो. आमच्याकडे शिमग्यात याहून वाईट बोलतात."

आणि त्याला ते मनापासून वाटत होतं. शिमग्यात होळीभोवती एकमेकांच्या नावाने फाका घालायच्या, कुणाचं काय उणं असेल ते चव्हाट्यावर ओरडून सांगायचं, आणि पालखी देवळात परतली की सगळं विसरायचं, ही रीतच होती. एका वर्षी धाकूनेच लवूच्या नावाने ड्रॉइंगच्या परीक्षेची फाक घातली होती आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच घरी बसून पुरणपोळी खाल्ली होती. लवूला वाटलं, हेही तसंच. चार दिवस हसतील आणि विसरतील. पण ओरडलेलं वाऱ्यावर जातं आणि छापलेलं घराघरात जाऊन बसतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. आयुष्यभर पाट्या रंगवणाऱ्या माणसाला एवढं कळू नये, याचं नवल करावं तेवढं थोडं.

दिवाळी झाल्यावर चोपड्या आल्या, गठ्ठेच्या गठ्ठे, आणि फुकट. जेटीवर वाटल्या, बर्फाच्या कारखान्यात ठेवल्या, डिझेलच्या पंपावर ठेवल्या. चोपडीवर कंपनीचं नाव होतं, छापखान्याचं होतं, चित्रकाराचं नव्हतं. लवूने नाव शोधत चोपडी तीनदा उलटीसुलटी केली आणि हिरमुसला.

दोन दिवसांत बंदरात धाकूचं नाव बुध्या पडलं. गंगारामशेटच्या लाँचीवरच्या केरू खलाशाने सगळ्यात आधी ओळखलं. वल्ह्याला कान लावणारा तांडेल बंदरात दुसरा होता कुठे? मग काय, बायका टोपल्या उचलताना हसायला लागल्या, पोरं कानाला चिंबोऱ्या लावून धाकूच्या दारावरून जायला लागली. "बुध्या, काय म्हणतात मासे? उठले काय?"

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकू लवूच्या पडवीत आला. लवू एका लाँचीसाठी फळी रंगवत होता. धाकूने चोपडी उघडून त्याच्यासमोर धरली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "लवू, हे तू काढलंस काय?"

धाकू रागावलेला असता तर बरं झालं असतं. लवूने त्याच्यासाठी चार वाक्यं जुळवून ठेवली होती, शिमग्याची, गमतीची. पण धाकूच्या तोंडावर राग नव्हता. तो नुसतं विचारत होता, आणि उत्तर काय येतं ते ऐकायला थांबला होता. लवूला चोपडीचं मागचं पान आठवलं, जिथे त्याचं नाव नव्हतं, आणि तो बोलून गेला, "नाय रे. मी नुसती पेटीची जोडणी काढली. माणसं मुंबईच्या आर्टिस्टने काढलीत."

"बरं," धाकू म्हणाला, चोपडी मिटली आणि गेला.

एवढंच झालं. एक वाक्य. ते परत घ्यायला दुसरं एकच वाक्य पुरलं असतं, आणि ते दुसरं वाक्य लवूला पुढे चार वर्षं जमलं नाही. त्या संध्याकाळी जेटीवर केरू म्हणाला की हात तर लवूचाच दिसतो, तेव्हा धाकूने त्याला सगळ्यांदेखत गप्प केलं. "लवूने नाय काढलं. मी विचारलं त्याला. लवू माझ्याशी खोटं बोलायचा नाय." आनंदीबाईने हे नळावर ऐकलं आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने पेन्सिलीचे कागद आपल्या ट्रंकेत लपवलेले तिला माहीत होते. ती म्हणाली, "जावा आणि पाय धरा त्यांचे. अजून वेळ गेली नाय." लवू म्हणाला, शिमगा येऊ दे, लोक फाका घालून मोकळे होतील, मग आपोआप मिटेल.

शिमगा आला. बुध्याच्या नावाने फाका पडल्या, नमनाच्या खेळातल्या संकासुराने कानाला वल्हं लावून नाच केला, धाकू स्वतः पुढे बसून हसला. पालखी देवळात परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकू जेटीवर गेला तर पहिली हाक आली, "काय बुध्या!" लवू तिथेच एका नाळेवर अक्षरं काढत होता. चोपडी अजून घराघरात होती, तिचा शिमगा संपणार नव्हता.

पुढचं लवकर झालं. गंगारामशेटनी पेटी घेतली, आणि ती बसवायला धाकूनेच चार पानांवरची चित्रं बघून मदत केली. पेटी चांगली होती, मासळी दाखवायची. पण आता धाकूने वल्हं पाण्यात सोडलं की मागून कुणीतरी घोरण्याचा आवाज काढी. त्याने वल्हं सोडायचंच बंद केलं. एवढ्यावर भागलं असतं, पण कान गेला तसा शब्दही गेला. जयगडच्या बाहेर एकदा त्याने वाऱ्याने कूस बदललेली बघून जाळं ओढा, परत फिरू म्हणून सांगितलं. खलाशी म्हणाले, पेटीत अजून काळं दिसतंय, थांब रे बुध्या. थांबले. वादळाने जाळं तुटून गेलं, केरूचा हात मोडला, लाँच कशीबशी बंदराला लागली. जेटीला उतरल्यावर धाकूने शेटला सांगितलं की माझं ऐकत नाहीत त्या माणसांना मी समुद्रात नेणार नाही. शेटने फार धरून ठेवलं नाही.

तांडेलकी सोडलेला माणूस काय करणार? दुसऱ्या लाँचवाल्यांनी त्याला विचारलं नाही. चार महिने घरी बसला, आणि एका सकाळी लवूच्या दारात येऊन म्हणाला, "तुझी शिडी धरायला माणूस हवाय ना?"

लवूला नाही म्हणवेना आणि हो म्हणवेना. शेवटी हो म्हणाला. त्या दिवसापासून धाकू शिडी धरू लागला, डबे ढवळू लागला, पाटीला पहिला हात देऊ लागला. दिवसाचे आठ तास दोघं बरोबर. लवू वर, धाकू खाली. दुपारी एका डब्यातून भाकरी आणि सुकट खायची, एकाने बिडी पेटवायची, दुसऱ्याने ओढायची. बघणाऱ्याला वाटावं, काय ही दोस्ती. आणि दोस्ती होतीच की. पण लवूला रोज सकाळी तो रस्त्याच्या वळणावर दिसला की ब्रश धुवायचे आठवायचे, आणि संध्याकाळी तो गेला की हायसं वाटायचं. ज्या माणसाशिवाय आपल्याला करमत नाही तो गेला की हायसं वाटावं, याची लवूला लाज वाटे, आणि ती लाज कुणापाशी बोलायची सोय नव्हती.

सत्त्याऐंशी साली राजापूरला काजूच्या कारखान्याची पाटी करायला दोघं एस.टी.ने गेले. जवाहर चौकात चहाला बसले तर हॉटेलवाल्याने भिंतीवर चित्रं चिकटवलेली, देवांची, नट्यांची, आणि मध्येच चोपडीचं ते पान. हॉटेलवाला चहा ठेवता ठेवता धाकूकडे बघत राहिला. मग भिंतीकडे, मग परत धाकूकडे. "अहो, हे तुमच्यासारखं दिसतंय."

"मीच तो," धाकू म्हणाला. "बुध्या." आणि हॉटेलवाल्याबरोबर मोठ्याने हसला.

हॉटेलवाला आत गेल्यावर तो उठून पानाजवळ गेला. बराच वेळ बघत होता. परत येऊन बसला, बशीत चहा ओतला आणि म्हणाला, "कोण मुंबईचा आर्टिस्ट हाय कोण जाणे. पण हात बरा हाय त्याचा. डोळे कसे मिटलेत बघ." आणि बशी तोंडाला न लावता त्याने लवूकडे बघितलं.

आता बोल, मेल्या. दुसरं कुणी असतं तर लवूच्या पाठीत धपाटा घातला असता. दार उघडून दिलंय, नुसतं आत जायचंय. लवूने तोंड उघडलंही. आणि म्हणाला काय, तर, "चहा निवतोय तुझा."

धाकूने चहा प्यायला. दोघं पाटीच्या कामाला गेले.

दुसऱ्या वर्षी श्रावणात धाकूला कावीळ झाली. आधी झाडपाला केला, मग दवाखान्यात नेलं तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. लवू रोज जाऊन बसे. घरून निघताना रोज ठरवून निघे, आनंदीबाईला सांगून निघे, की आज बोलतो. तिथे कधी नर्स असे, कधी शेजारच्या खाटेवरचा म्हातारा जागा असे, कधी धाकूला झोप लागलेली असे. कारणांना काय तोटा? एका दुपारी मात्र कुणी नव्हतं. धाकू जागा होता. त्याने लवूच्या मनगटावर हात ठेवला आणि विचारलं, "काय सांगायचंय काय तुला?"

"नाय रे," लवू म्हणाला. "तू बरा हो आधी."

धाकूने मान हलवली आणि कूस वळवली. तिसऱ्या दिवशी तो गेला.

तेरावं झाल्यावर त्याची बायको मालन लवूच्या पडवीत आली. लवूने पाट पुढे केला, आनंदीबाईने पाणी आणून ठेवलं. मालन म्हणाली, घरात त्यांचा एकही फोटो नाही. लग्नात कुणी काढला नाही, नंतर काढून घ्यायचा राहिला. भिंतीवर लावायला काहीतरी हवं, भावजी, तुम्ही काढून द्या.

"देतो ना, वयनी. मोठं काढतो. टोपी घातलेलं, तांडेलासारखं."

"टोपी नको," मालन म्हणाली. "त्या चोपडीत काढलंत तसं काढा. कान लावलेलं. चिंबोरी नको आणि लाळ नको. तेवढं सोडून तसंच."

लवूचा हात गुडघ्यावर होता तो तिथेच राहिला. चार वर्षं अडकलेलं वाक्य त्याच्या तोंडातून आपसूक बाहेर पडलं, तेही अर्धंच. "वयनी, ते चित्र मीच..."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "त्यांना पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. मला चोपडी दाखवून म्हणाले, माझं तोंड असं होतं हे लवूशिवाय कुणी बघितलंच नाय. तुमच्याकडे आले ते ऐकायला आले होते."

आनंदीबाई दारात उभी होती, ती आत निघून गेली.

"मग शिडी धरायला कशाला येत होता?" लवूने विचारलं. विचारताना त्याचा स्वर लहान मुलासारखा झाला.

"दुसरं काय काम येत होतं त्यांना जमिनीवर? आणि निघताना म्हणायचे, आज सांगेल बहुतेक लवू. संध्याकाळी परत आले की मी विचारायची, सांगितलं काय भावजींनी?" मालनने पदराने तोंड पुसलं. "ते म्हणायचे, नाय गो, आज त्याला काम फार होतं."